रस्त्याची दुसरी सकाळ

शुक्रवार, १९ मे १९७२. संध्याकाळ होत आली आहे. ब्राझीलच्या दक्षिणेला कुरितिबा नावाच्या शहरात, बाजारपेठेतल्या एका कोपऱ्यावर तुम्ही उभे आहात. स्वेटर आणला असेल तर घाला. विषुववृत्ताच्या या बाजूला मे महिन्यात हिवाळ्याची चाहूल लागते, आणि हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंचावर आहे. या दिवसांत इथली माणसं अरौकारिया पाईनच्या बिया उकडून खातात. मिळाल्या तर घ्या, पण सोलायला वेळ लागतो, आणि आज रात्री तुम्हाला मान खाली घालून बसायचं नाही.

रस्त्याचं नाव १५ नोव्हेंबर रस्ता. १८८९ साली त्या तारखेला ब्राझीलमध्ये राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आलं. त्याआधी काही वर्षं तो सम्राज्ञीच्या नावाचा होता, आणि त्याच्याही आधी लोक त्याला फुलांचा रस्ता म्हणत. आज या नावाची आठवण करून द्यावी असं एकही रोप दिसत नाही. समोर चालू आहे ती गाड्यांची रांग. बहुतेक फोक्सवॅगन बीटल, ज्यांना इथे लाडाने फुस्का म्हणतात. हॉर्न, धूर, दोन्ही बाजूंना काठाशी लावलेल्या गाड्या, आणि त्यांच्यामधून अंग चोरत चालणारी गिऱ्हाइकं. सुमारे सहा लाख वस्तीच्या शहराचा हा मुख्य बाजार.

थोडं पश्चिमेकडे चाला. एका टोकाला उभ्याउभ्या कॉफी पिणाऱ्या पुरुषांचा अड्डा लागेल. त्याला 'बोका माल्दिता' म्हणतात, म्हणजे वाईट तोंड. शहरातल्या कुठल्याही माणसाबद्दल इथे चांगलं बोललं जात नाही अशी ख्याती आहे. पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. आज विषय एकच असणार. महापौर हा रस्ता गाड्यांना बंद करायच्या गोष्टी करतो आहे. दुकानदार खवळले आहेत. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येईल कसं? ते कोर्टात जाण्याच्या तयारीत आहेत.

महापौराचं नाव जाइमे लर्नर. वय चौतीस, शिक्षण वास्तुकलेचं. आपल्याकडच्या महापौरासारखा शोभेचा मान त्याच्याकडे नाही. आपल्या आयुक्ताकडे असतात तसे अधिकार त्याच्या हातात आहेत. ते त्याला मिळाले कसे, हेही लक्षात ठेवा. १९६४ पासून ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आहे, आणि राज्यांच्या राजधान्यांचे महापौर मतदान करून निवडले जात नाहीत, नेमले जातात. लर्नर गेल्या वर्षी, १९७१ मध्ये, नेमला गेला. आज रात्री जे तुम्ही पाहणार आहात त्याच्या वेगाचं कौतुक जगभर होईल. त्या वेगाला ही एक बाजू आहे.

आता घड्याळ पाहा. कोर्ट बंद झालं. शनिवार-रविवार स्थगिती मिळण्याचा प्रश्न नाही. तेव्हा काम सुरू.

दिवे, ट्रक, खोदणारी यंत्रं, माणसांच्या टोळ्या. डांबर उखडलं जातंय. लर्नरने बांधकाम खात्याला विचारलं होतं की किती दिवस लागतील. उत्तर महिन्यांत आलं होतं. घासाघीस होत होत ते ७२ तासांवर आलं. काम रेंगाळलं तर सोमवारी कोर्टाचा कागद येईल आणि रस्ता अर्धवट उखडलेला पडेल, हे त्याला ठाऊक आहे. अर्धवट रस्त्यासारखा वाईट पुरावा दुसरा नाही. खोदून ठेवलेला रस्ता पाहिला की आपणही मूळ योजनेलाच शिव्या घालतो, मग ती कितीही चांगली असो.

शनिवारभर इथेच राहा. पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहतींत ठिकठिकाणी दिसते तसली लहान काळ्या-पांढऱ्या दगडांची फरसबंदी बसवली जातेय. कारागीर उकिडवे बसून हातोडीने एकेक तुकडा ठोकतात. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये फिरलेल्याला या रस्त्यांच्या मागचा देश ओळखू येईल. दिव्यांचे खांब येतात, बाकं येतात, टपऱ्या उभ्या राहतात. रविवारी रोपं लागतात. एकदोन कुंड्या नाहीत, हजारोंनी फुलझाडं.

सोमवारी सकाळी दुकानदार शटर उघडायला येतात तेव्हा भांडायचा विषयच जागेवर नसतो. ज्या रस्त्याचं काय होईल याची त्यांना भीती होती तो रस्ता त्यांच्या दारात जवळजवळ तयार आहे. आता वाद कल्पनेशी घालता येत नाही, डोळ्यांसमोरच्या गोष्टीशी घालावा लागतो. लर्नरची सगळी चाल एवढीच होती. लोकांना नकाशा दाखवून होकार मागायचा नाही, जागा दाखवायची. नाहीच पटली तर परत डांबर टाकता येतं.

इथून बहुतेक लेखक निघून जातात. तुम्ही थांबा, कारण गोष्टीचा मोलाचा भाग पुढच्या आठवड्यात आहे.

पहिली गोष्ट फुलांची. लोक ती तोडून घरी नेऊ लागले. रस्त्यात फुलं म्हणजे कुणाचीच नसलेली फुलं, असा साधा हिशेब. बोका माल्दितावर त्या दिवशी काय बोललं गेलं असेल ते तुम्ही ओळखू शकता. "सांगितलं होतं ना, आपल्या लोकांना असलं काही पचत नाही." हे वाक्य जगातल्या प्रत्येक शहरात, प्रत्येक भाषेत तयार असतं. पालिकेने पाट्या लावल्या नाहीत, दंड लावला नाही. माळी आले आणि गेलेल्या फुलांच्या जागी नवी लावून गेले. पुन्हा तोडली, पुन्हा लावली. हळूहळू तोडणं थांबलं. कुणीतरी रोज इथे लक्ष ठेवून आहे हे लोकांना कळलं, आणि जिथे लक्ष असतं तिथे माणसं वेगळी वागतात.

दुसरी गोष्ट मोटारवाल्यांची. मोटार क्लबच्या लोकांनी ठरवलं की पुढच्या शनिवारी गाड्या घेऊन यायचं आणि रस्ता परत मिळवायचा. तुम्ही त्या शनिवारी सकाळी लवकर या. पोलिसांची फळी शोधू नका, ती नाही. लष्करी राजवटीत पोलीस बोलावणं सर्वांत सोपं होतं, तरी ते बोलावले नाहीत. पालिकेचे कामगार रस्त्याच्या लांबीभर कागदाच्या गुंडाळ्या उलगडत आहेत. कागदावर मुलं बसली आहेत, शेकडो मुलं, हातात रंग. कोण घालेल त्यांच्यावर गाडी? गाड्या परत गेल्या. शनिवारी मुलांनी इथे येऊन चित्रं काढायची ही रीत पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. एका सकाळची युक्ती रस्त्याची सवय झाली.

तिसरी गोष्ट दुकानदारांची. लर्नर नंतर सांगत असे की ज्यांनी विरोधाचा अर्ज तयार केला होता त्यांच्यातलेच एक जण त्याला येऊन भेटले आणि तो अर्ज आठवण म्हणून ठेवून घ्या म्हणाले. त्यांना आता आणखी रस्ता हवा होता. पायी येणारं गिऱ्हाईक जास्त वेळ रेंगाळतं आणि दुकानांत शिरतं, हे त्यांना गल्ल्यावरून समजलं होतं.

तेव्हा कुरितिबाचं श्रेय त्या ७२ तासांना द्यायचं असेल तर जरूर द्या. पण अर्धं श्रेय त्या माळ्यांना द्या, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत आणि जे फुलं परत लावत राहिले.

आता दोन वर्षं सात महिने पुढे या, आणि उत्तरेला, कोलंबियाच्या राजधानीत. रविवार, १५ डिसेंबर १९७४. बोगोता. उंची २,६०० मीटर, त्यामुळे पेडल मारताना धाप लागली तर काळजी करू नका, ती सगळ्यांना लागतेय. शहराचे दोन मोठे रस्ते, कार्रेरा ७ आणि कार्रेरा १३, आज सकाळी काही तासांसाठी मोटारींना बंद आहेत. हे कुणा महापौराचं फर्मान नाही. सायकलप्रेमींच्या एका गटाने परवानगी मागून भरवलेला हा मोर्चा आहे, आणि त्याच्या पुढे आहेत अमेरिकेत शिकून आलेले वास्तुकार जाइमे ओर्तिस मारिन्यो. सुमारे पाच हजार लोक सायकली घेऊन आलेत. हातात फलक थोडे आणि मुलं जास्त. सायकल चालवणं हाच त्यांचा निषेध आहे.

बोगोताने जे केलं ते कुरितिबापेक्षा एका अर्थाने सोपं आणि एका अर्थाने फार अवघड. इथे काहीच बांधलं नाही. अडथळे आडवे लावायचे, दुपारी काढायचे, संध्याकाळी पुन्हा बस धावायला लागते. खर्च नगण्य. अवघड ते हे की दर रविवारी पुन्हा तेच करायचं. १९७६ मध्ये पालिकेच्या आदेशाने त्याला अधिकृत जागा मिळाली. पुढे मधल्या काही वर्षांत ते क्षीण झालं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर शहराच्या उद्यान विभागाची धुरा गिल पेन्यालोसा यांच्याकडे आली आणि त्यांनी त्याचा जाळ्यासारखा विस्तार केला. आज बोगोतात दर रविवारी आणि सणाच्या सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन, सुमारे १२७ किलोमीटर रस्ते गाड्यांविना असतात. त्याला सिक्लोविया म्हणतात. चौकाचौकात ठळक रंगाचे गणवेश घातलेले तरुण-तरुणी रहदारी थांबवतात, पडलेल्याला उठवतात. कडेला फळांचे रस, पंक्चर काढणारे, मैदानात ढोलाच्या तालावर व्यायाम.

तुम्ही यातलं काय पाहून ठेवायचं? तर कोपऱ्यावर उभी ती शिट्टीवाली मुलगी. १९७४ चा मोर्चा फोटोत छान दिसतो, पण सिक्लोविया उभी राहिली ती तिच्यासारख्यांच्या पगारावर. पन्नास वर्षं, आठवड्यामागून आठवडा, कुणीतरी सकाळी सहाला उठून अडथळे लावतं आणि दोनला उचलतं. आणि रविवारचा रस्ता एकदा सवयीचा झाला की त्याला हात लावायची हिंमत कुठल्याही राजकारण्याला सहजासहजी होत नाही. कारण त्या रस्त्यावर बोगोताच्या बंगल्यांमधली आणि डोंगरावरच्या वस्त्यांमधली माणसं एकाच वेळी असतात.

सॅन फ्रान्सिस्कोला फार वेळ घालवू नका, पण जाऊन या. बुधवार, १६ नोव्हेंबर २००५, दुपार. 'रेबार' नावाच्या कलावंतांच्या आणि रचनाकारांच्या छोट्या गटाने शहराच्या मध्यभागातल्या एका पार्किंगच्या जागेचं मीटर भरलंय. मीटर भरलं म्हणजे दोन तासांचं भाडं भरलं, आणि भाड्याच्या जागेत गाडीच लावली पाहिजे असं कुठे लिहिलंय? त्यांनी गवताचा गालिचा अंथरला, एक झाड ठेवलं, एक बाक ठेवला, आणि बाजूला झाले. तुम्ही बाकावर बसा. थोड्या वेळाने कुणीतरी डबा घेऊन शेजारी येऊन बसतं. दोन तास संपले की गवत गुंडाळतात, जागा झाडून घेतात आणि निघून जातात. मागे खूण नाही.

ते दोन तास दुसऱ्या वर्षापासून एका दिवसाचे झाले, 'पार्किंग डे' म्हणून शहरोशहरी पसरले. खरी मजा २०१० मध्ये आहे. त्या वर्षी शहराने स्वतःच नियम केला. दुकानदाराने किंवा उपाहारगृहाने अर्ज करावा, ठरलेल्या मापाचा लाकडी ओटा पार्किंगच्या जागी बांधावा, त्याची निगा स्वतः ठेवावी, आणि तिथे कुणालाही बसू द्यावं, काही विकत घेतलं नाही तरी. त्याला 'पार्कलेट' हे नाव पडलं. कलावंतांचा खोडसाळपणा पाच वर्षांत पालिकेच्या छापील अर्जात बदलला. कवींना हे दुःखद वाटू शकेल. बाक हवा असलेल्या म्हाताऱ्याला नाही वाटणार.

न्यूयॉर्कला मात्र बसायचंय. अक्षरशः.

रविवार, २४ मे २००९. टाइम्स स्क्वेअर. ब्रॉडवे हा रस्ता मॅनहॅटनच्या चौकटीला तिरका छेदत जातो, आणि जिथे जिथे तो छेदतो तिथे साध्या चौकाचा गुंता होतो. सिग्नलला एका दिशेचा जास्तीचा वेळ द्यावा लागतो, सगळ्यांचाच खोळंबा होतो. शहराच्या वाहतूक आयुक्त जेनेट सादिक-खान यांचं म्हणणं असं होतं की तिरकी रेघ मध्ये काढून टाकली तर गाड्याही जास्त सुरळीत जातील आणि चालणाऱ्यांना जागा मिळेल. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी प्रयोगाला संमती दिली. ४२ ते ४७ या क्रमांकांच्या रस्त्यांमधला ब्रॉडवे आज बंद होतोय. वर्षअखेरपर्यंत बघू, आकडे सांगतील ते ऐकू, अशी अट.

अडचण अगदी घरगुती निघाली. रस्ता मोकळा झाला, लोक येणार, आणि बसायला काही नाही. मागवलेलं सामान आलेलं नाही. तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने ब्रुकलिनमधल्या एका दुकानातून घडीच्या ३७६ खुर्च्या आणल्या, प्रत्येकी १० डॉलर ७४ सेंट. आपण पिकनिकला नेतो तसल्या, पट्ट्यांच्या, गुलाबी-हिरव्या-निळ्या. एक उघडा आणि बसा. वर जाहिरातींचे प्रचंड पडदे, आजूबाजूला गगनचुंबी इमारती, आणि तुम्ही डांबराच्या मधोमध, पाय पसरून. काल इथे टॅक्सी होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी बूट काढून ठेवलेत.

पुढचे काही दिवस वर्तमानपत्रं वाचा. ब्रॉडवे बंद केला यावर जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं येत नाही. भांडण खुर्च्यांवर चाललंय. किती गावंढळ दिसतात, टाइम्स स्क्वेअरची काय शोभा केली! आयुक्तांनी नंतर हसत सांगितलं की खुर्च्यांनी त्यांना वाचवलं. रस्ता बंद असणं लोकांनी आठवड्याभरात गृहीत धरलं होतं आणि वाद फक्त बसायच्या वस्तूवर उरला होता.

पण प्रयोग टिकला तो खुर्च्यांमुळे नाही. थंडीपर्यंत थांबा. शहराकडे पिवळ्या टॅक्सींमधल्या जीपीएसची नोंद होती, लाखो फेऱ्यांची. त्यातून दिसलं की मिडटाउनच्या पश्चिम भागात उत्तरेकडे जाणाऱ्या टॅक्सी १७ टक्के अधिक वेगाने जाऊ लागल्या. दक्षिणेकडच्या किंचित मंदावल्या, तेही अहवालात लिहिलं. पादचाऱ्यांच्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्या, गाडीत बसलेल्यांच्या ६३ टक्क्यांनी. फेब्रुवारी २०१० मध्ये महापौरांनी हा बदल कायमचा झाल्याचं जाहीर केलं. रंगाने भागवलेल्या त्या जमिनीच्या जागी पक्की फरसबंदी व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. घाई कुणालाच नव्हती, कारण जागा आधीच वापरात होती.

तुम्हाला वाटेल की एवढ्यावर गोष्ट संपली. ऑगस्ट २०१५ मध्ये एक चक्कर मारा. महापौर बदललेत. चौकात अंगावर फक्त रंग लावून पर्यटकांबरोबर फोटो काढणाऱ्या बायका, कार्टूनच्या वेशातली बक्षिशी मागणारी माणसं, आणि वैतागलेले रहिवासी. नवे महापौर आणि पोलीस आयुक्त बोलून जातात की हा चौक उखडून पुन्हा रस्ता करावा का, याचा विचार व्हायला हवा. सहा वर्षं झालेल्या 'कायमच्या' गोष्टीला! गदारोळ झाला, चौक राहिला, आणि पुढल्या वर्षी शहराने जमिनीवर रंगाने पट्टे आखून कुणी कुठे उभं राहून पैसे मागायचे ते ठरवून दिलं. थोडक्यात, कायमचा झालेला रस्तासुद्धा सांभाळावाच लागतो.

आता घरी चला. शनिवार, ११ डिसेंबर २०२१. पुणे. लक्ष्मी रस्ता.

महानगरपालिकेने आजचा दिवस पादचारी दिन म्हणून जाहीर केलाय, आणि उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा रस्ता दिवसभर वाहनांना बंद ठेवलाय. साड्यांची दुकानं, सराफी पेढ्या आणि तुळशीबागेकडे वळणाऱ्या पावलांचा हा रस्ता. एरवी इथे तुम्ही फुटपाथवरून उतरता, दुचाक्यांच्या रांगेला वळसा घालता, मागून हॉर्न येतो, परत फुटपाथवर चढता, तिथे कुणीतरी पर्सची किंमत पाडून मागत उभं असतं, पुन्हा उतरता. आज तुम्ही मधोमध चालताय. वर बघा. या रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्या आणि लाकडी कठडे पुणेकरांनी किती वर्षांत पाहिले नसतील, कारण नजर कायम समोरच्या हँडलवर.

मात्र या रस्त्याला गाड्यांविना राहणं नवं नाही. पुणेकराला तात्पुरत्याचं अप्रूप वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हापासून इथली प्रत्येक पेठ दरवर्षी दहा दिवसांसाठी आपला नकाशा बदलते. बांबू, कापड, पत्रे, दिवे. गल्लीचं देऊळ होतं, चौकाचं नाट्यगृह होतं. अनंत चतुर्दशीला याच लक्ष्मी रस्त्यावरून विसर्जनाची मिरवणूक जाते आणि ती संपायला चोवीस तासांहून अधिक लागतात. तेवढा वेळ गाडी आत घालावी असं कुणाच्या मनातही येत नाही. मांडव घालायला मंडळाच्या कार्यकर्त्यांना कुणी शिकवलं नाही, परवानगीपासून विजेच्या जोडणीपर्यंत त्यांना सगळं येतं. जगातल्या ज्या शहरांमध्ये रस्त्यावर चार कुंड्या ठेवण्याला क्रांती म्हणतात, त्यांना हे दाखवायला हवं.

मग आपलं अडतं कुठे? त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. उद्या सकाळी, रविवारी १२ डिसेंबरला, इथेच या.

दुचाक्या आपापल्या जागी परतल्यात. टेम्पोतून माल उतरतोय. हॉर्न आहे. काल इथे काय झालं हे सांगणारं काही नाही, आणि हा कुणाचा दोष म्हणूनही दाखवता येत नाही, कारण एक दिवस ठरला होता आणि एक दिवस पार पडला. पुढच्या वर्षांतही ११ डिसेंबर साजरा झाला. सणासारखा. आपल्याला सण करता येतात आणि सणानंतर मांडव उतरवताही येतो. नेमकी ही उतरवण्याची सफाई इथे आड येते. मांडवाचं यश तो वेळेवर उतरण्यात असतं. रस्त्याच्या प्रयोगाचं यश त्याच्या उलट असतं. त्यातलं काही ना काही उतरायचं राहून जायला हवं.

बाकी शहरांमध्ये राहून गेलेलं काय होतं, ते तुम्ही पाहून आलात. कुरितिबात रोज फुलं लावणारा माळी राहिला. बोगोतात रविवारची शिट्टी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोत अर्जाचा नमुना राहिला. न्यूयॉर्कमध्ये आकडे राहिले. या चारांपैकी एकही गोष्ट उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

लक्ष्मी रस्त्यावर असं राहून जाण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते एका दिवसाच्या प्रयोगातच सर्वांत स्वच्छ दिसतं. माल उतरवणाऱ्या टेम्पोला सकाळचे कोणते तास द्यायचे? गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजींनी चौकापासून साडीच्या दुकानापर्यंत यायचं कसं? मंडईजवळच्या वाहनतळात किती गाड्या मावल्या आणि किती नुसत्या शेजारच्या गल्लीत सरकल्या? दुकानांच्या त्या दिवशीच्या गल्ल्याचं काय झालं? आणि फेरीवाले? रस्ता मोकळा करणं म्हणजे पहिल्यांदा त्यांना हुसकणं, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांना जागा ठरवून द्यायला सांगितलंय. ती जागा कुठे असावी हे खडूने आखून बघायला गाड्यांविना दिवसाहून चांगला दिवस कुठला? हे सगळं त्या दिवशी मोजता येतं, विचारता येतं, चुकलं तर संध्याकाळी पुसता येतं. तात्पुरत्याची खरी किंमत यातच आहे. तिथे चूक स्वस्त पडते.

कुणी म्हणेल, कुरितिबासारखा शुक्रवारी रात्री निर्णय घेणारा खमक्या माणूस हवा. तो हवाच असतो असं नाही, आणि आपल्याला तो तशा राजवटीसकट नको आहे. बोगोताला तो नव्हता. पुण्याकडे २०१६ पासून महापालिकेने मान्य केलेलं पादचारी धोरण आहे, कागद कमी नाही. कमी आहे ती बारा तारीख. महिन्यातून एक शनिवार, मग दोन. एक ओळ नोंदवहीत, एक मुकादम ज्याचं हे काम म्हणून ठरलंय, एक फलक ज्यावर मागच्या वेळचे आकडे लिहिलेत, वाईट निघाले असतील तर वाईट. एवढ्याला ७२ तासही लागत नाहीत, वर्षभराचा चिवटपणा मात्र लागतो, आणि चिवटपणाचं उद्घाटन करता येत नाही म्हणून त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

तेव्हा पुढच्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर जरूर जा. मधोमध चाला, गॅलऱ्या बघा, मुलांना मोकळं सोडा. आणि व्यासपीठावर जो कुणी माइक हातात घेऊन उभा असेल त्याला एवढंच विचारा, "साहेब, उद्याचं काय ठरलंय?"